हवेतला उशीर

आमच्या दाजींइतका उतावळा माणूस परभणी जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि झाला असलाच तर तो कुठे थांबला नसेल, म्हणून कुणाला दिसला नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. चहा उकळायच्या आत ते कप पुढे करत. एक पाय चपलेत घालून चालायला लागत आणि दुसरी चप्पल वाटेत कुठेतरी त्यांना गाठे. सेलूच्या स्टेशनवर गाडी उशिरा आहे असं कळलं, की ती ज्या बाजूनं यायची त्या बाजूला फलाटाच्या अगदी टोकापर्यंत ते चालत जात. "आपून पुढं सरकलं की भेट लवकर हुती," असं त्यांचं म्हणणं. भेट लवकर होईही, पण गाडी त्यांना ओलांडून फलाटाच्या मध्यावर जाऊन थांबे आणि मग दाजी तिच्यामागे पिशवी सांभाळत पळत सुटत. दर वेळी पळत, आणि दर वेळी पुन्हा टोकाला जाऊन उभे राहत.

त्यांना जाऊन चार महिने होत आले. मी हे लिहायला बसतो, दोन ओळी लिहितो आणि उठतो. खिडकीपर्यंत जाऊन येतो. मी मुळात सावकाश माणूस. परभणीच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे, आणि पुस्तकं कुणाला घाई करत नाहीत म्हणून मला ती आवडतात. पण हल्ली माझा पाय टेबलाखाली सारखा हलत असतो. ही सवय दाजींची. माणूस गेला की त्याच्या वस्तू वाटून घेतात तसं काहीसं झालं असावं. घड्याळ भाच्याला गेलं, छत्री रशीदभाईंना गेली आणि अस्वस्थपणा माझ्या वाट्याला आला.

दाजींना धंदाही असा मिळाला की ज्यात उशीर मोजता येतो. आधी सेलूत ते केबल टीव्हीच्या वायरी ओढत. पुढे लोकांनी टीव्ही पाहणं कमी केलं, तेव्हा त्यांनी गावोगाव वायरलेस इंटरनेट द्यायला सुरुवात केली. सेलूपर्यंत जमिनीतून तार होती; तिथून पुढे हवेतून. पहिलं गाव त्यांनी घेतलं ते वालूर, म्हणजे आमचं गाव, त्यांची सासुरवाडी. गावाच्या पाण्याच्या टाकीवर त्यांनी एक मोठी डिश बसवली आणि गावातल्या साठेक घरांच्या छपरांवर थाळीएवढ्या लहान डिशा, सगळ्या टाकीकडे तोंड करून. आमच्या ताईमुळे ते सगळ्या वालूरचेच दाजी होते. म्हातारी माणसंही त्यांना दाजी म्हणत, आणि पाठीमागे टॉवरजावई. "घरजावई परवडला," आमच्या शेजारच्या सखूमावशी म्हणायच्या, "तो निदान खाली तरी असतोय."

या धंद्याची मेख दाजींनी मला पहिल्याच दिवशी टाकीच्या पायरीवर बसून सांगितली होती. बसून म्हणजे एका मांडीवर, दुसरा पाय उठायच्या तयारीत.

"ही वरची डिश म्हंजे एक कान. गावातली साठ घरं म्हंजे साठ तोंडं. समदी येकदम बोलली तर काय हुईल?"

मी उत्तर जुळवत होतो. त्यांनी ते स्वतःच दिलं.

"ग्रामसभा हुईल! कुनाचंच ऐकू येनार न्हाई. मंग समदे परत बोलनार, परत धडकनार. म्हनून काय पायजे? बारी."

बारी हा शब्द आमच्याकडे विहिरीवरचा. भावाभावांत विहीर सामाईक असली की पाण्याची बारी ठरते: आज थोरल्याची मोटर, उद्या धाकट्याची. दुसऱ्याच्या बारीत बटण दाबलं की भावकी कोर्टात जाते. दाजींनी हाच कायदा हवेला लावला. प्रत्येक घरानं आपली बारी आली की बोलायचं, संपली की गप्प. फरक एवढाच की विहिरीची बारी आठवड्यानं येते, आणि दाजींच्या साठ घरांची अख्खी फेरी डोळ्याचं पातं लवायच्या आत पुरी व्हायची. तरी ते समाधानी नसत. फेरी लहान केली तर प्रत्येकाला लवकर बारी मिळते, पण बारी बदलण्यातच वेळ वाया जातो. फेरी मोठी केली तर काम भरपूर होतं, पण वाट पाहावी लागते. या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी एक जागा आहे आणि ती आपल्याला सापडत नाही, ही दाजींची उभ्या आयुष्यातली सल होती. जेवताना मध्येच त्यांचा घास हातात राही. ताई म्हणे, "आल्या बगा बाऱ्या डोक्यात. आता भाजी गार."

त्यातही कुणाची बारी आधी, हा मोठा प्रश्न. एकदा त्यांच्या मोटारसायकलवरून आम्ही सेलूहून वालूरला निघालो होतो. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या, एकीमागे दुसरी, रस्ता भरून डुलत चाललेल्या. दाजी हॉर्न वाजवून दमले, मग मान मागे वळवून मला ओरडून सांगू लागले, "हे बग! ट्रॉली म्हंजे पिक्चर. कुनीतरी पिक्चर उतरवून घ्यायलाय. आन आपून म्हंजे फोनवरचं बोलनं. आपल्याला किती जागा लागती? इतकुशी! पन आपून ट्रॉलीमागं अडकलो तर मेलो. ट्रॉलीला काय, ती सांजच्याला पोचली तरी ऊस ऊसच ऱ्हानार. बोलनं सांजच्याला पोचलं तर ते बोलनं ऱ्हातंय का?"

"दाजी, स... समोर," मी म्हणालो. ट्रॉली थांबली होती. आम्ही उसात गेलो. कपडे झाडत दाजी म्हणाले, "बग, तुजं बोलनं उशिरा पोचलं."

धंद्यातले नियम त्यांनी घरी आणले, तिथून आमची करमणूक आणि ताईचे हाल सुरू झाले. हाक मारली की उत्तर येईपर्यंतचा वेळ ते मनगटावरच्या घड्याळात मोजत. यंत्राकडे हाक पाठवून ती परत यायला किती वेळ लागतो ते पाहतात, त्याला ते लोक पिंग म्हणतात. "तुज्या बहिनीचा पिंग लय वाढलाय," ते मला काळजीनं सांगत, जसं दुसरं कुणी रक्तदाबाचं सांगेल. त्यांची आई ओसरीवर आणि ताई स्वयंपाकघरात. दोघींना एकमेकींचं ऐकू येत नसे, पण मधल्या खोलीत बसलेल्या दाजींना दोघींचंही ऐकू येई, आणि दोघी नेमक्या एकाच वेळी बोलत. तेव्हा दाजींनी भिंतीवर दोन दिवे लावले. हिरवा लागला की आईची बारी, पिवळा लागला की ताईची. हे दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी वीज गेली आणि दोघी सासू-सुना पोटभर एकदम बोलल्या.

त्यांना काही सांगितलं की ते "पोचलं" म्हणत. बरं, हो, ठीक, असलं काही नाही. पोचलं. आणि आपणही म्हणावं ही अपेक्षा. नाही म्हटलं, की बोलणं वाटेत हरवलं असं समजून ते पहिल्या शब्दापासून पुन्हा सांगत. त्यामुळे सेलूच्या बाजारात भाजीवाल्यापासून बँकेच्या शिपायापर्यंत सगळे त्यांच्याशी बोलताना आपोआप पोचलं, पोचलं करत. एका वरातीत नवरदेवाला त्यांनी कानात काही सल्ला दिला, तेव्हा नवरदेवही घोड्यावरून "पोचलं दाजी" म्हणाला होता. सल्ला काय होता ते कळलं नाही.

भांडणाचीही त्यांची रीत होती. दोघं एकदम बोलली आणि धडक झाली, तर दोघांनी मागं सरायचं. एक मिनिटानं परत प्रयत्न करायचा. परत धडकलं तर दोन मिनिटांनी. मग चार, मग आठ. असं दुप्पट करत गेलं की केव्हातरी वाट मोकळी मिळतेच, असं त्यांचं शास्त्र. एकदा ताईशी इतकं जुंपलं की दुप्पट होता होता दाजींची पुढची वेळ दुसऱ्या दिवशी दुपारी निघाली. ठरल्या मिनिटाला ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "चुकलं माजं."

ताई शेंगा निवडत होती. "काय चुकलं?"

दाजींनी घड्याळ पाहिलं. त्यांनाही आठवेना. शेवटी दोघांनी मिळून आठवायचा प्रयत्न केला आणि त्यावरून नवं भांडण झालं.

तेव्हा माझ्या एक गोष्ट लक्षात आली. उतावळ्या माणसाला मोजून थांबता येतं. एक, दोन, चार, आठ. त्याला जमत नाही ते न मोजता थांबणं. असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

आता माझं सांगायला हवं, कारण त्याशिवाय दाजी पुरे होत नाहीत. मी तोतरा नाही. पण शब्द माझ्या ओठांपर्यंत येतो आणि उंबऱ्यावर चपला काढाव्यात तसा तिथे थोडा थांबतो. आमचं घर बोलक्यांचं. जेवायला आठ माणसं बसली की माझं वाक्य बाहेर येईपर्यंत विषय तीनदा बदललेला असे, आणि लग्नाच्या गोष्टी चालू असताना मी मघाशी मेलेल्या म्हशीबद्दल हळहळे. मग मी बोलणंच सोडलं. दाजी जावई म्हणून आले आणि दुसऱ्या-तिसऱ्या पंगतीतच त्यांच्या ते ध्यानात आलं. त्यांनी ताटावर वाटी आपटली.

"थांबा. बापूची बारी."

आठ माणसं माझ्याकडे बघत होती. मला काहीही सांगायचं नव्हतं. मी आमटीकडे पाहत राहिलो. आई म्हणाली, "न्हाई बोलायचं त्याला, ऱ्हाऊ द्या की जावईबापू." दाजी म्हणाले, "न बोलू दे. रिकामी गेली तरी चालंल. पन त्याची बारी दुसऱ्यानं घ्यायची न्हाई."

त्यानंतर दाजी असले की प्रत्येक जेवणात वाटी एकदा तरी वाजे. मला त्याचा भयंकर राग यायचा. आमटीचा रंग मला इतका पाठ झाला तो त्यामुळे. पण कधीतरी, वर्षभरानं असेल, वाटी वाजली आणि मी एक वाक्य बोललो. मीठ कमी आहे, एवढंच. दाजी म्हणाले, "पोचलं," आणि मीठ पुढे सरकवलं.

शिकलो पुष्कळ, नोकरी लागेना. मुलाखतीत माझा घात व्हायचा. प्रश्न विचारत, मी उत्तर जुळवी, तेवढ्यात समोरचे एकमेकांकडे बघून म्हणत, "बरं, दुसरं विचारू." दोन ठिकाणी असं झालं. तिसरी मुलाखत आली ती कोरोनाच्या दिवसांत, घरबसल्या संगणकावर द्यायची. माझी वयाची मर्यादा त्याच वर्षी संपत होती. ही गेली तर पुढे ग्रंथालय नाही. मग काकांच्या दुकानात खताच्या गोण्या मोजणं, आणि तिथे गिऱ्हाइकाला भाव सांगेपर्यंत ते शेजारच्या दुकानात गेलेलं असतं.

दाजींनी आठ दिवस आधी तालीम घेतली. ते सेलूच्या आपल्या ऑफिसात, मी वालूरला घरात, पडद्यावर एकमेकांसमोर. दाजींनी परीक्षकासारखा चेहरा केला, म्हणजे मिश्या खाली ओढल्या. "नाव सांगा." मी सांगितलं. पण ते पोचायच्या आत त्यांनी दुसरा प्रश्न विचारला होता, आणि माझं नाव शिक्षणाच्या रकान्यात जाऊन पडलं. गावातले सगळेच तेव्हा घरात बसलेले. साठ घरं दिवसभर हवेत बोलत होती. माझा शब्द आधी ओठावर थांबे आणि मग टाकीखाली रांगेत थांबे. समोरच्याला दोन्ही मिळून एकच शांतता ऐकू येई, आणि ती सगळी माझ्याच नावावर जमा होई.

दाजी मिश्या सोडून पडद्याजवळ आले. पहिल्यांदाच मी त्यांना हळू बोलताना ऐकलं.

"बापू, हे बग. तोंडातला उशीर तुजा हाय. हवेतला उशीर माजा हाय. तुजा तू ठेव, त्याला कुनी हात लावनार न्हाई. माजा मी काढतो."

पुढचे आठ दिवस ते टाकीवर आणि टाकीखाली असत. त्यांच्यासोबत रशीदभाई. रशीदभाई त्यांचे केबलच्या काळापासूनचे सोबती, पन्नाशीचे, वर चढायचं काम त्यांचं, आणि दाजींना वेड्यात काढायचंही त्यांचंच. आमचं घर टाकीला लागून, म्हणून त्यांचं बोलणं मला खिडकीतून ऐकू येई. दाजींनी फेरी बारीक केली होती, पिक्चर उतरवणाऱ्यांना मागे टाकलं होतं, आणि वर आमच्या घराच्या डिशेसाठी फेरीत दोनदा येणारी पक्की बारी लिहिली होती. मी बोलत असो वा नसो, ती जागा दुसऱ्या कुणाला मिळायची नाही.

"दाजी, ये खाली बारी कामून फिरवायलेत?" रशीदभाई विचारत होते. "बापू तो मुंडी खाली घालून बसता. खाली बारी मतलब खाली यष्टी. डिझेल जळायलंय, पाशिंजर कोई नै."

"रशीदभाई, यष्टी पाशिंजर बगून सुटती का वेळ बगून?"

"वेळ बगून."

"मंग! म्हनून तर मानूस भरवशानं फाट्यावर येऊन हुबा ऱ्हातोय. एकडाव रिकामी म्हनून बंद केली, की ज्या दिवशी त्याला जायचंय त्या दिवशी ती येत न्हाई."

"पोचलं," रशीदभाई म्हणाले, पण पटलं नव्हतं हे आवाजावरून कळत होतं.

सगळं जमलं, आणि मग दाजींनी घाईत एक चूक केली. आदल्या दिवशी गावाच्या ग्रुपवर त्यांनी निरोप टाकला: उद्या अकरा ते बारा वालूरच्या टाकीवर फक्त आपल्या बापूची बारी आहे, तरी त्या वेळात कुणीही काही मोठं सोडू नये. दाजींच्या मनात पिक्चर होते. गावाच्या मनात, टाकी आणि बारी आणि सोडणं म्हटल्यावर, दुसरं काय येणार?

सकाळी साडेदहाला मी इस्त्रीचा सदरा घालून संगणकासमोर बसलो आणि खिडकीबाहेर पाहिलं, तर टाकीखाली सगळं गाव. हंडे, घागरी, प्लास्टिकचे कॅन. बायांच्या तोंडाला पदर, गड्यांच्या तोंडाला उपरणी. सगळ्यांत पुढे सखूमावशी, कमरेवर घागर.

"आवो दाजी, येकट्या बापूला तासभर टाकी? त्याच्या घरात न्हानी हाय का तळं हाय? जावई झाला म्हनून गावचं पानी मेव्हन्याच्या घशात घालता व्हय?"

दाजी टाकीच्या खांबाला टेकून, मांडीवर लॅपटॉप, दोन्ही हात जोडून उभे. मांडीवर लॅपटॉप ठेवून माणूस उभा कसा राहतो असं कुणी विचारेल. एक पाय खांबाच्या पायरीवर होता. "मावशे, पानी न्हाई! पान्याची बारी न्हाई!"

"पानी न्हाई? बगा, पानी न्हाई म्हनायलेत!" मागे एकच गलका झाला. एकानं कॅन बडवायला सुरुवात केली. अकराला दहा मिनिटं होती. खिडकी लावली तर उकाडा, आणि लावूनही आवाज यायचा तो येणारच होता.

"मावशे," दाजी म्हणाले, पण ओरडून नाही. जेवणाच्या ताटावर वाटी वाजवत तशी त्यांनी शेजारच्या बाईच्या रिकाम्या हंड्यावर किल्ली वाजवली. "पानी दुपारी रोजच्या वेळेलाच येनार. ही बारी बोलायची हाय. बापूची. त्याची नोकरीची मुलाखत हाय. त्याला बोलायचंय."

सखूमावशींनी मला लहानपणापासून पाहिलेलं होतं. माझ्या तोंडून "मावशी, विळी द्या" हे तीन शब्द निघेपर्यंत त्या विळी, खोबरं आणि वर गूळ काढून आणत.

"बापूला बोलायचंय?" त्यांनी खात्री करून घेतली.

"व्हय."

त्यांनी घागर कमरेवरून काढून जमिनीवर ठेवली, अजिबात आवाज न करता. मग मागे वळल्या. "ये भाड्या, ते कॅन ठिव खाली. फोन बंद करा रे समद्यांनी. लेकराला बोलू द्या."

आणि घरी कुणी गेलं नाही. पाणी नाही हे कळल्यावर जायला हवं होतं, पण गेले नाहीत. तासभर माझ्या खिडकीबाहेर तीसचाळीस माणसं रिकामी भांडी घेऊन चिडीचूप उभी होती. पडद्यावरच्या तिघा परीक्षकांना त्यातलं काही दिसत नव्हतं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला. मी नेहमीसारखा थांबलो. शब्द उंबऱ्यावर आला, थांबला, बाहेर पडला. मी बोललो, आणि बोललेलं त्याच क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर उमटलेलं दिसलं. हे मला नवीन होतं. दुसऱ्या प्रश्नाला मी आणखी थांबलो, मुद्दाम नव्हे, पण भीती वाटली नाही. शेवटी त्यांच्यातल्या वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, "तुम्ही विचार करून बोलता, हे बरं वाटलं."

हवेतला उशीर काढून घेतल्यावर जे उरलं होतं त्याला लोक विचार म्हणतात, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

बाराला मी दार उघडलं. सखूमावशींनी विचारलं, "झालं का बोलून?" मी मान हलवली. "मंग आता आमी बोलाव का?" असं म्हणून त्यांनी दाजींना जे बोलायला सुरुवात केली ते दुपारचं पाणी येईपर्यंत.

नोकरी लागली. पत्र आलं त्या दिवशी मी दाजींना फोन लावला. मला त्यांना काही सांगायचं होतं. ते काय होतं ते वाचणाऱ्याला कळलं असेल. मी "दाजी" म्हणालो आणि पुढचा शब्द नेहमीच्या जागी येऊन थांबला. या वेळी तो हललाच नाही. पलीकडून एरवी चमच्याचा, चपलेचा, कसलातरी आवाज यायचा. त्या दिवशी काहीच येत नव्हता. दाजी थांबले होते. किती वेळ ते मला ठाऊक नाही. ताईनं नंतर सांगितलं, की ते फोन कानाला लावून भिंतीकडे तोंड करून उभे होते, आणि घड्याळाचा हात त्यांनी पाठीमागे नेला होता.

शेवटी मी म्हणालो, "जेवलात का?"

"व्हय," दाजी म्हणाले. "पोचलं."

मी परभणीला खोली घेतली, पुढे आईलाही तिकडे नेलं. वालूरच्या घराला कुलूप लागलं. सणावारी भेट होई. दाजी आले की माझ्या ग्रंथालयात हमखास येत आणि शांततेत दोन मिनिटांपेक्षा जास्त टिकत नसत, कपाटांमधून भराभर चालत जाऊन म्हणत, "लय बाऱ्या अडकल्यात रे इथं." नंतर बोलू, असं मी दर वेळी ठरवी. माझ्यासारख्या माणसाला 'नंतर' हा फार सोयीचा शब्द असतो.

ते गेले ते सेलूत, भर दुपारी, ऑफिसाच्या ओट्यावर. ज्या माणसानं जन्मभर कुणाला "एक मिनिट" म्हणू दिलं नाही, ते स्वतः रशीदभाईंना "येक मिनिट" म्हणाले आणि खाली बसले. दोन्ही मांड्या घालून. मला निरोप मिळाला, मी निघालो, पोचलो; आणि आयुष्यात पहिल्यांदा दाजींना कसलीही घाई नव्हती. दहाव्याला सगळे बोलले. त्यांचे किस्से सांगून लोक हसले, रडले. मला कुणीतरी म्हणालं, बापू, तुम्ही दोन शब्द. मी उभा राहिलो, आणि वाटी वाजवायला कुणी नव्हतं. मी उभा असतानाच दुसरं कुणीतरी बोलू लागलं. त्यांची चूक नाही.

आता काम रशीदभाई बघतात. गेल्या रविवारी त्यांचा फोन आला.

"बापू, एक पूछना था. टाकीवरची यादी बगायलोय. साठ घरांच्या बाऱ्या हायेत, आन त्यात तुमच्या घराची. पक्कीवाली. घराला कुलूप, डिश बंद, सालोंसे कोई बात नै गई उसमें. पन दाजीनं काढलीच नै. दर फेरीत दोनदा येती, खाली जाती. गाव वाढायलंय, लोक म्हनायलेत नेट हळू हाय. काढू का?"

मी खिडकीशी उभा होतो. पाय हलत होता, तो थांबला. वालूरच्या टाकीवर या क्षणीही माझी बारी येत होती, जात होती, पुन्हा येत होती. एका श्वासात कितीतरी वेळा, इतकी वर्षं, त्या बंद घराकडे तोंड करून. मला उत्तर ठाऊक होतं. गावाचा उशीर वाढवायचा मला हक्क नाही हेही ठाऊक होतं. काढा, असं म्हणणंच बरोबर होतं, आणि दाजींनीही दुसऱ्या कुणाच्या बाबतीत तेच केलं असतं. शब्द आला आणि ओठावर थांबला.

रशीदभाई काही बोलले नाहीत. "हॅलो" म्हणाले नाहीत, ऐकू येतंय का असं विचारलं नाही. ओट्यासमोरच्या रस्त्याचा आवाज तेवढा येत होता. ते थांबून राहिले.

"रशीदभाई," मी म्हणालो, "काढा. पण त्याआधी... त्या बारीत एकदा मला बोलायचंय. मी येतो. घर उघडतो."

"पोचलं," रशीदभाई म्हणाले.

उद्या सकाळच्या गाडीनं निघतो आहे.